तेवढं कापा, मॅडम

जरा पुढे सरका, खाडीवरचा वारा झोंबतो. आणि ते मोबाईल उपडे ठेवा. उजेड तोंडावर पडलेला माणूस ऐकत नसतो.

रत्नपाल मास्तर माणगावला एकवीस वर्षं माझ्या शेजारच्या वर्गावर होता. त्याच्या घरात देव नाही, भूत नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. छप्पन साली त्याच्या बापानं ते सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं, ते बाहेरच राहिलं. कुणी असल्या गोष्टी काढल्या की रत्नपाल उठून चहा टाकायला जायचा. असा माणूस. त्यानं ही गोष्ट मला सांगितली, एकदाच सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "याचा अर्थ मला विचारू नका." तेव्हा तुम्हीही मला विचारू नका. घडलं तेवढं सांगतो.

त्याची धाकटी मुलगी रचना. ग्रंथपालाचं शिक्षण घेतलं आणि पेणच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी नारंगखार म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत लागली. तात्पुरती. तीन वर्षं झाली तरी तात्पुरतीच. कायम करण्याची फाईल संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर, आणि अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे नातू, हर्षदशेट.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली. भरतीचं पाणी पार भिंतीपर्यंत येतं. भिंतीला बारा महिने ओल, पुस्तकांत कसर, आणि कपाट उघडलं की उंदराच्या लेंड्यांचा वास. पोरं तिथं फिरकत नसत. या मुलीनं काय केलं, पोरांना पुस्तकं वाचायला लावण्याऐवजी बोलायला लावलं. पॉडकास्ट. आठवीतल्या पोरीनं पुस्तक वाचायचं, त्यावर पाच मिनिटं माईकसमोर बोलायचं. ते रेकॉर्ड करून त्याचा तो चौकोनी कोड पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायचा. दुसऱ्या पोरानं मोबाईल धरला की पुस्तकाबद्दल ताईचा आवाज ऐकू येणार. आवाज घुमू नये म्हणून एका कोपऱ्यात भिंतीला अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकले होते, नाक्यावरच्या अंडापाववाल्याकडून आणलेले. त्या ट्रेंना कुबट वास यायचा, आत झुरळं झाली होती. हेडफोनचा स्पंज शंभर कानांना लागून चिकट झाला होता. पण पोरं यायला लागली. मधल्या सुट्टीत रांग लागायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण काहीतरी उभं केलं.

गेल्या वर्षी तीन डिसेंबरला संस्थापकांचा स्मृतिदिन होता. संस्थापक रघूशेट, जाऊन तीस वर्षं झालेली. हर्षदशेट म्हणाले, "मॅडम, आजोबांवर एक भाग करा. गावातल्या जुन्या माणसांचे चार चांगले शब्द. कार्यक्रमात स्पीकरवर लावू."

काम साधं होतं. सोमवारी, एक तारखेला दुपारी, रचना माईक पिशवीत घालून निघाली. बरोबर तेजस्वी, आठवीतली पोरगी, पॉडकास्टवर प्रश्न विचारायचं काम तिचं. तिची पणजी भागुबाई गावात सगळ्यांत म्हातारी. नव्वदीला टेकलेली. शाळेची पायाभरणी पाहिलेलं तेवढं एकच माणूस उरलेलं.

भागुबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तेजस्वीनं तिच्या पातळाला माईक अडकवला आणि कागदावरचा प्रश्न वाचला. "मोठीआय, रघूशेटांची तुझी काय आठवण हाय?"

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

"आठवन? हाय ना," ती म्हणाली. "माझा घोव मेला तवा मी तिशीची. दोन शेतां माझे नावान आयली. गावान अशा अकरा रांडावल्या बायका व्हत्या, कुनाचा नवरा खारीन बुडाला, कुनाचा गोदीन मेला. रघूशेट बोलला, गावान शाला बांधाची हाय, सगल्यांचा आंगठा पायजे. आमी बोललो, पोरां शिकतील. गेलो त्याचे पडवीन."

रचना हेडफोन लावून ऐकत होती. म्हातारीचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"शाईची डबी सुकलेली. मी बोलले, पानी आनते. तो बोलला, पानी कशाला? माझा हात धरला, नि ह्यो आंगठा…" भागुबाईनं उजवा हात वर केला. "ह्यो आंगठा त्यानी तोंडान घातला. पोर चोखतं तसा. दात पडलेलं, सगला मऊ मऊ लागं. तंबाखूचा वास. मी वढला तं सोडी ना. मिठागरावशी आयलेलू, हाताला मीठ व्हता. चोखून बोलला, खारट हाय. मंग डबीत दाबला नि कागदावर उठवला. अकराच्या अकरा बायकांचा. येकीच्या पाठी येक."

तेजस्वीनं प्रश्नांच्या कागदाची घडी घातली.

"शाला झाली. आमची शेतां पन त्याची झाली. कागद शालेचा नव्हता. आता तिथं कंटेनर ठेवतान." म्हातारीनं सूप परत ओढलं. "पन शेताचा येवढा न्हाय वाटत, बाय. शेत गेला तं गेला. ह्या आंगठ्याची मना घान येते. मी भात कालवते ती चार बोटांनी. साठ वरसां झाली असतील."

मग तिनं खरंच ओट्यावरच्या परातीत हात घालून दाखवला. चार बोटं आत, अंगठा वर. ताठ. जणू तो तिचा नव्हताच.

परत येताना माईकची पिशवी तेजस्वीनं उचलली. शाळेच्या फाटकापाशी म्हणाली, "मॅडम, सगळं ठेवणार ना? मोठीआयनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं."

रचना म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मुख्याध्यापकांनी रेकॉर्डिंग ऐकलं, घाम पुसला आणि हर्षदशेटना फोन लावला. शेट स्वतः ग्रंथालयात आले. माणूस सभ्य. आवाज चढवणं नाही, काही नाही. अत्तराचा वास, हातात भागाची छापील संहिता. खुर्चीवर बसून ते एकेक पान वाचत गेले. पान उलटायच्या आधी अंगठा जिभेला लावायचे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ओला डाग. रचना त्या डागाकडे बघत राहिली.

"तेवढं कापा, मॅडम," शेट म्हणाले. "बाईंचं वय झालंय. वयानं माणूस काहीही बोलतं. सुरुवातीचं 'पोरं शिकतील' एवढं ठेवा, ते छान आहे. बाकी तुमची फाईल मी या आठवड्यात बघतोच आहे."

ती काय म्हणाली असेल, तुम्हीच सांगा. बाप निवृत्त, तीन वर्षं तात्पुरती नोकरी. ती म्हणाली, "कापते, सर." रत्नपालला हे सांगताना ती म्हणाली होती, "बाबा, ते शब्द तोंडातून निघाले आणि मला माझ्याच तोंडाची घाण वाटली."

आता रात्र. दोन डिसेंबर, मंगळवार. दत्तजयंती दोन दिवसांवर, म्हणजे चांदणं टिपूर. लॅपटॉप शाळेचा, तो बाहेर न्यायची परवानगी नाही, म्हणून जेवण करून ती परत शाळेत गेली. राखणदार मोरूनं फाटक उघडलं. वहीत वेळ लिहिली, नऊ वाजून दहा मिनिटं.

"लवकर आटपा मॅडम," मोरू म्हणाला. "साडेदहाला पाणी भरेल, मागच्या भिंतीशी चिखलाचा वास सुटतो. बसवत नाही."

"अर्ध्या तासाचं काम आहे, मोरूदादा."

तिनं दोन्ही ट्यूबलाईट लावल्या. पंखा लावला. अंड्यांच्या ट्रेखालच्या टेबलावर बसली आणि हेडफोन लावले. पडद्यावर म्हातारीच्या आवाजाची नागमोडी रेघ. 'पोरां शिकतील' नंतर एक खूण केली. म्हातारीचं संपून रचनाचा स्वतःचा समारोप लागतो तिथं दुसरी. मधला तुकडा निळा झाला. बोट क्षणभर थांबलं असेल. मग तिनं तो कापला. दोन टोकं जुळवली. मागे सनईचं संगीत घातलं. तयार झालेला भाग हर्षदशेटना मोबाईलवर पाठवून दिला.

दहा वाजून बावीस मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं. शब्द नाही. नुसता अंगठा.

ती बंद करून उठणारच होती. सवयीनं शेवटचं एकदा ऐकावं म्हणून तिनं भाग लावला. मोठीआयचा आवाज आला, "आमी बोललो, पोरां शिकतील." तिथं जोड होता. जोडावर एक बारीक आवाज आला.

चुक्.

तिला वाटलं, कापताना काही राहिलं. ती मागे गेली, जोड मोठा करून पाहिला. रेघ सपाट होती. आवाज असेल तर रेघ हलते, सपाट असेल तर आवाज नसतो, हे ती पोरांना शिकवायची. तरी तिनं आणखी थोडं कापलं. पुन्हा लावलं.

चुक्… चुक्.

आता दोनदा. ओला आवाज. आंब्याची कोय चोखावी तसा. पण सावकाश, चवीनं. रेघ अजून सपाटच.

हेडफोन खराब झाले, असं म्हणून तिनं ते काढून टेबलावर ठेवले.

आवाज थांबला नाही.

तो खोलीत होता.

रचना भित्री पोर नव्हे. ती उठली नाही, ओरडली नाही. उंदीर असेल म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं. खाली काही नव्हतं. वर आली तेव्हा वास आला. चिखलाचा नव्हे. तोंडाचा. म्हाताऱ्या, न धुतलेल्या तोंडाचा. शिळी तंबाखू, आणि हिरड्यांतला पू. तिला उमासा आला. तिनं पदर नाकाला लावला. वास पदराच्या आत होता.

मग ट्रेंमधून झुरळं निघाली. एक नाही, दोन नाही. सगळी. भिंतीवरून, टेबलावरून, तिच्या पायांवरून, दाराच्या फटीकडे. उजेड असताना झुरळं अशी बाहेर येत नाहीत. ती पळत होती.

खोलीत मग ती एकटी.

दोन्ही दिवे चालू. पंखा चालू. भरतीचं पाणी भिंतीला लागल्याचा आवाज.

तिचा उजवा हात टेबलावर होता. अंगठा कोमट झाला.

तिनं पाहिलं. अंगठा होता तिथंच. दिसत होता. काही नव्हतं त्याच्यावर. पण कोमट. मग ओला. मग… आत. कशाच्या तरी आत. वर मऊ, खाली मऊ. दात नाहीत. हिरड्या. आणि खालून जीभ. जाड. ती हलत होती. अंगठ्याच्या पेरावरून, नखाभोवती, नखाच्या खाली… शोधत असल्यासारखी.

तिनं हात ओढला.

सुटला नाही.

भीती वाटली का, असं रत्नपालनं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "भीतीला जागाच नव्हती, बाबा. नुसती किळस. वाटलं, हात मनगटापासून तोडून टाकावा." तिच्या डोळ्यांदेखत अंगठ्याची कातडी दबत होती, वर येत होती, दबत होती. मनगटावरून लाळ ओघळली. लॅपटॉपच्या कळांवर पडली. थेंब… थेंब.

आवाज थांबला.

तिच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी चव घेऊन झाल्यावर बोलतं तसं म्हणालं,

"…अळणी."

आणि हात ओढला जायला लागला. टेबलावरून. हळूहळू. हर्षदशेटनी ठेवलेल्या संहितेकडे. कोऱ्या जागेकडे, जिथं ओल्या डागाचा कोपरा होता. अंगठा खाली वळत होता, ठसा उठवायला वळतो तसा. ती पाय रोवून मागे रेलली. खुर्ची पडली. हात पुढेच.

डावा हात मोकळा होता.

डाव्या हातानं तिनं लॅपटॉपवरची केलेलं मागे घ्यायची कळ दाबली. एकदा. सनई गेली. दुसऱ्यांदा. जोड उसवला. अंगठा कागदापासून चार बोटांवर. तिसऱ्यांदा… चौथ्यांदा… कापलेला निळा तुकडा परत आला. हेडफोनची वायर तिनं दातांनी उपटली. भाग चालू केला. स्पीकरमधून भागुबाईचा आवाज खोलीभर झाला.

"माझा हात धरला, नि ह्यो आंगठा…"

तोंड थांबलं.

"…पोर चोखतं तसा. दात पडलेलं…"

म्हातारी बोलत राहिली. शेवटपर्यंत. चार बोटांच्या भातापर्यंत. "साठ वरसां झाली असतील" हे शब्द संपले आणि, रचना सांगते, चिखलातून पाय निघतो तसा आवाज झाला. अंगठा सुटला.

मोरू फाटकावरून धावत आला तो पायऱ्यांवरच्या झुरळांना बघून. मॅडम अंगणातल्या नळाशी बसल्या होत्या. भांडी घासायची काथ्याची जुडी घेऊन अंगठा घासत होत्या. साल निघून रक्त आलं होतं. मोरूनं नळ बंद केला. त्यांच्याजवळ वाकला, आणि दोन पावलं मागे झाला.

"मॅडम," तो म्हणाला, "कुणाच्या तोंडाचा वास येतोय?"

रचना उठली. त्याला ग्रंथालयाच्या दारात उभं केलं, आत गेली, लॅपटॉप उचलला आणि रात्रभर फाटकाजवळच्या राखणदाराच्या खोलीत बसली. पहाटे तेजस्वीच्या घरी गेली. "मोठीआयला घेऊन ये," एवढंच सांगितलं.

बुधवारी सकाळी नऊला कार्यक्रम. मंडप, रघूशेटच्या फोटोला झेंडूचा हार, स्टेजवर हर्षदशेट, पुढे पोरं, मागे गाव. भागुबाई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत. रचनानं लॅपटॉप स्पीकरला जोडला. काल पाठवलेला भाग तिनं लावला नाही. अख्खा लावला.

पोरं आधी हसली, म्हातारीची बोली ऐकून. मग हसायची थांबली. "तोंडान घातला" या वाक्याला पुढच्या रांगेतल्या एका पोरानं तोंड वाकडं करून हात चड्डीला पुसला. मागे बायकांत बसलेली मनुबाई तेवढी उभी राहिली, म्हणाली, "माझे सासूचा पन," आणि खाली बसली. भागुबाई समोर बघत होती. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून तिला नवल वाटल्यासारखं दिसत होतं.

हर्षदशेटनी तमाशा केला नाही. भाग संपल्यावर उठले, म्हणाले, "मुलांनो, वर्गात जा." एवढंच. एकतीस डिसेंबरला रचनाला पत्र आलं, सेवेची गरज नाही. शाळेच्या पॉडकास्टवरून तो भाग काढून टाकला. पण तोवर तो गावातल्या मोबाईलवर फिरला होता, आणि एकदा फिरलेली गोष्ट कोण काढणार? मुंबईला गेलेल्या पोरांनी वकील बघायला सुरुवात केली, असं ऐकतो. तेजस्वी म्हणे आता घरीच रेकॉर्ड करते, बाकीच्या दहा घरांत जाऊन. तिच्याकडे माईक नाही, मोबाईलच धरते.

रचना माणगावला बापाकडे आली. अंगठा आठवडाभरात बरा झाला. नवी कातडी आली. ती त्या रात्रीबद्दल काही बोलत नव्हती, रत्नपालला वाटत होतं पोरीला नोकरी गेल्याचं दुःख आहे. त्यानं कधी छेडलं नाही; तिनं सगळं सांगितलं ते पुढे जे घडलं त्यानंतर.

या फेब्रुवारीत तिला तालुक्याच्या वाचनालयात काम मिळालं. बँकेत खातं उघडायचं, त्यासाठी आधारची पडताळणी. सोळा तारीख, सोमवार, सकाळचे अकरा. रत्नपाल तिच्याबरोबर सेतू केंद्रात गेला. बाहेर ऊन लखलखीत, आत माणसांची रांग. मशीनवर प्रितम नावाचा तरुण पोरगा. त्यानं रचनाची नऊ बोटं घेतली. नऊही जुळली. मग उजवा अंगठा.

मशीन वाजलं. लाल दिवा.

"पुसून घ्या मॅडम," प्रितम म्हणाला. "ओला आहे."

तिनं ओढणीला पुसला. ठेवला. लाल.

"अजून ओला आहे."

रत्नपालनं खिशातला रुमाल दिला. धुतलेला, इस्त्रीचा. तिनं नीट, चोळून पुसला. फुंकर घातली. बापाला दाखवला, कोरडा आहे ना? रत्नपालनं स्वतः बोट लावून पाहिलं. कोरडा होता. त्यानं तिसऱ्यांदा तो अंगठा आपल्या हातानं धरून काचेवर ठेवला.

लाल.

प्रितमनं वाकून मशीनकडे पाहिलं. मग आपली खुर्ची मागे घेतली.

रचनानं अंगठा उचलला. अंगठ्यापासून काचेपर्यंत एक बारीक तार लांबत आली. चकाकली. तुटली नाही… लाळेची होती.